वाऱ्याक सूट नाय

मालवणहून देवबागकडे जाणाऱ्या किनाऱ्यावर एक वाडी होती. नाव सांगत नाही; ओळखायची ती माणसं ओळखतीलच. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की तिथे होड्यांची शर्यत लागायची. वाळूवरून सुटायचं, समुद्रात टाकलेल्या लाल बोयाला बाहेरून वळसा घालायचा आणि परत यायचं. बोया आतून मारला तर दंड. पंच किनाऱ्यावरून बावटा दाखवणार, होडीने जागच्या जागी वल्ही वर धरायची, पंच दहा आकडे मोजणार, मग पुढे. शर्यतीत दहा आकडे म्हणजे फार असतात. वल्ही हवेत आणि बाजूने दुसरी होडी जाताना दिसते.

पंच होता एक म्हातारा तांडेल. हयात दर्यावर गेलेली, कुणाच्या चहाच्या कपालाही मिंधा नाही. त्याच्या सचोटीवर वाडीत कुणी बोट ठेवलं नसतं.

एका वर्षी खाडीपलीकडच्या होडीने बोया आतून मारला. म्हाताऱ्याने बावटा दाखवला, दहा मोजले. दुसऱ्या वर्षी वाडीतल्याच एका नावाजलेल्या तांडेलाने तेच केलं. म्हातारा म्हणाला, "वारो होतो, होडी ओढली गेली." दंड नाही. तिसऱ्या वर्षी पहिल्यांदाच उतरलेल्या पोरांची होडी आतून वळली. पोरं घाबरलेली. म्हाताऱ्याला दया आली, पाचच मोजले, तेही भरभर.

प्रत्येक वेळी कारण होतं, आणि वेगळं काढून पाहिलं तर प्रत्येक कारण पटण्यासारखंच होतं. पण चौथ्या वर्षी खाडीपलीकडून एकही होडी आली नाही. ना भांडण, ना निरोप. आली नाही, एवढंच.

वाडीत शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. शर्यतीचा हिशेब ते दरवर्षी एका वहीत उतरून ठेवत. ऐन पावसात एका संध्याकाळी ते म्हाताऱ्याच्या पडवीत जाऊन बसले. चहा झाल्यावर सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आजानूं, एका होडयेन बोयो आतसून मारल्यान. दंड किती?"

"धा."

"दुसरेनय मारल्यान. पण वारो होतो."

"वारो सगळ्यांकच होतो. धा."

"तिसरी नवी होती."

"नवी असो नायतर जुनी. बोयो तोच मां? धा."

गुरुजींनी वही उघडून समोर ठेवली. दहा, शून्य, पाच. म्हातारा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तीन वर्सां मी माणसां बघलंय. बोयो एकदापण बघूक नाय."

ही वाडीचीच गत आहे असं समजू नका. फॉर्म्युला वनच्या शर्यतींत कोट्यवधींच्या गाड्या धावतात, कॅमेरे डझनांनी असतात, आणि पंचांचा निकाल कारणांसह कागदावर येतो. मोनाकोत २०१६ साली लुईस हॅमिल्टनचं वळण चुकलं आणि रस्त्यावर परत येताना त्याने डॅनियल रिकार्डोची वाट आवळली. दंड झाला नाही, तो जिंकला. माँट्रियलला २०१९ साली सेबास्टियन व्हेटेल गवतातून परत आला आणि त्याने हॅमिल्टनची वाट आवळली. पाच सेकंदांचा दंड झाला, रेषा पहिल्यांदा ओलांडूनही तो दुसरा ठरला. चिडून त्याने हॅमिल्टनच्या गाडीपुढची १ आकड्याची पाटी उचलली आणि आपल्या रिकाम्या जागेपुढे नेऊन ठेवली. तिथे तर पंचही शर्यतीगणिक बदलतात. एकेक निकाल वाचला तर कारण सापडतं; लोकांचं डोकं फिरतं ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर. आमच्या म्हाताऱ्याने निदान आपले तिन्ही निकाल शेजारी-शेजारी स्वतः वाचले.

पुढच्या पुनवेआधी तो स्वतः नारळ घेऊन खाडीपलीकडे गेला. काय बोलला ते कळलं नाही. शर्यतीच्या सकाळी त्याने सगळ्या तांडेलांना वाळूवर बसवलं आणि शाळेतला जुना फळा मधे ठेवला. जे काय भांडायचं ते आत्ता भांडा, म्हणाला. कुणीतरी विचारलं, वाऱ्याने ओढलं तर? तासभर वाद झाला. शेवटी गुरुजींनी खडूने लिहिलं: वाऱ्याक सूट नाय. नव्या होडीला? तिलाही नाय. मग एका पोराने विचारलं, "माणूस पाण्यात पडलो तर?" त्यावर वाद झालाच नाही. "तर आधी माणूस, बोयो मगे," म्हातारा म्हणाला, आणि तेही फळ्यावर गेलं. आकडे मोजायचे ते गुरुजींच्या घड्याळावर, हे शेवटचं कलम म्हाताऱ्याने स्वतः सांगितलं.

त्या वर्षी खाडीपलीकडच्या होड्या आल्या. मीही एका होडीत पुढच्या वल्ह्यावर होतो. जाताना आम्ही सगळ्यांच्या पुढे. बोयापाशी वाऱ्याचा झोत आला, होडी ओढली गेली आणि बोया बाहेरच्या बाजूला राहिला. किनाऱ्यावर बावटा हलला. आम्ही वल्ही वर धरली. पाण्यावरून आकडे स्पष्ट ऐकू येत होते, एकेक सावकाश. सातव्या आकड्याला खाडीपलीकडची होडी बाजूने निघून गेली. आमच्या तांडेलाने एकदा फळ्याच्या दिशेने पाहिलं, पण बोलला काही नाही.

वारा खरोखरच होता. आम्ही दुसरे आलो.