अडून राहण्याचा वेळ

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला चौरस काढून दाखवतो. बाजू २ फूट, क्षेत्रफळ ४. आता क्षेत्रफळ दुप्पट कर, म्हणतो. मुलगा बाजू दुप्पट करतो, तर होतात १६. बाजू ३ घेतो, तर ९. मग तो अडतो आणि आपल्याला येत नाही म्हणून सांगतो. सॉक्रेटिसच्या मते यात मुलाचा फायदाच झाला. कर्णावरचा चौरस त्याला त्यानंतर दिसतो.

आठवीच्या वर्गात हा प्रश्न मी कितीदा तरी घातला. पोरं बाजू दुप्पट करतात, फसतात आणि चौकटीच्या वहीकडे बघत बसतात. अशा वेळी मास्तरानं तोंड न उघडणं फार कठीण. पण समज पोराच्या आतच उगवते. जी मला देताच येत नाही, ती कुणी विकावी कशी?

मोबाइलवरून शिकवणी विकणारी बायजूज कंपनी २०२२ मध्ये २,२०० कोटी डॉलरची मानली गेली. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, ती क्रिकेट मंडळाच्या थकलेल्या सुमारे १५८ कोटी रुपयांपायी. खेळाडूंच्या जर्सीवर नाव झळकवल्याचे ते पैसे. तिचे संस्थापक बायजू रवींद्रन मुळात गणिताचे शिक्षक, त्यांच्या वर्गांना स्टेडियम लागत. म्हणून याचं मला जास्त दुःख होतं. बायजूज एकटी नाही: विद्यार्थ्याला काय येतं हे उत्तरांवरून ओळखणारं यंत्र करू म्हणणारी अमेरिकेतली न्यूटन कंपनी २००८ साली निघाली आणि २०१९ मध्ये वायली प्रकाशनाला विकली गेली.

बायजूज कोसळण्यामागे कर्ज, जाहिराती ही कारणं आहेतच. पण पैसे भरतात आईबाप आणि शिकतं मूल. अर्धा तास अडलेलं मूल मोबाइलवर नुसतं रिकामं दिसतं. मग लगेच इशारा, व्हिडिओ, तारे. आईबापांना दोष कसा देऊ? पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्याला काहीतरी झालेलं दिसायला हवंच.

कालिदासानं ‘मालविकाग्निमित्रा’त केवळ पोटासाठी विद्या बाळगणाऱ्याला ज्ञानाचा व्यापारी म्हटलं आहे. मला ते पुरतं पटत नाही; पगार मीही घेतला. मात्र वर्ग एखाद्या दिवशी अडून राहिला म्हणून पगार कापला जात नव्हता. मार्कुस होहेनवार्टरनं साल्झबर्गमध्ये घडवलेल्या जिओजेब्रा या गणिताच्या फुकट सॉफ्टवेअरात बिंदू ओढत पोरगं तासभर चुकत बसलं तरी कुणाचं गिऱ्हाईक तुटत नाही. बायजूजनं तेही २०२१ मध्ये विकत घेतलं. असा वेळ मूल अडलेलं असताना कुणाला तरी पदरचा घालावा लागतो. मला तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मिळाला, लोकांच्या करातून.