चोवीस प्लेट्स आणि एक स्मशानवैराग्य

चिनी मातीच्या पांढऱ्या प्लेटवर काळ्या रेघांत एक तरुण विधवा काढलेली आहे. अंगावर शोकाचा पोशाख, केसांचा भरघोस अंबाडा, मान मात्र ताठ. खाली छापलेली ओळ सांगते, की बाईंच्या मनात मठात जाऊन संन्यासिनी व्हायचं घोळतं आहे. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या प्लेटवर बाई आरशासमोर उभ्या आहेत आणि तिथे त्यांना थोडाफार दिलासा मिळाला आहे. पुढे त्या मित्रमंडळींबरोबर बर्फावर स्केटिंग करतात, वेषभूषेच्या नाचाला ज्युलिएट बनून जातात, आणि एका प्लेटवर चक्क परिचारिका होतात. स्मशानवैराग्याची इतकी खट्याळ चित्रकथा जेवणाच्या भांड्यांवर क्वचितच रंगली असेल.

ही चित्रं चार्ल्स डेना गिब्सन (१८६७–१९४४) या अमेरिकन चित्रकाराची. न्यूयॉर्कचं ‘लाइफ’ तेव्हा विनोदी साप्ताहिक होतं. छायाचित्रांसाठी गाजलेलं ‘लाइफ’ पुष्कळ नंतरचं. त्या विनोदी साप्ताहिकात गिब्सन यांनी उंच, तोऱ्यातल्या, पुरुषांना बोटावर नाचवणाऱ्या तरुणीची प्रतिमा घडवली आणि ‘गिब्सन गर्ल’ म्हणून ती घरोघरी पोचली. विधवेची मालिका १९००च्या सुमारास आली. लगेचच इंग्लंडमधल्या बर्सलेमच्या डौल्टन कारखान्याने तिच्यातली चोवीस चित्रं निवडून साडेदहा इंची प्लेट्सवर उतरवली. कडेला निळी नक्षी, मध्ये चित्र. कारखान्याला ‘रॉयल’ हे बिरुद १९०१ साली मिळालं आणि या प्लेट्सही त्याच काळातल्या. आज संग्राहक या प्लेट्सच्या मागे असतात. जुन्या वस्तूंच्या दुकानात प्लेट हाती आली की आधी ती उलटी करून मागचा शिक्का बघायचा, मग कडेला हलकी टिचकी मारायची. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे असं समजायचं.

पण टिचकी मारून नेमकं काय विकत घेतलं जातं? प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात चित्रकाराला सत्यापासून दूर नेऊन बसवलं. खऱ्या पलंगाची कल्पना एक, सुताराचा पलंग ही तिची नक्कल आणि चित्रातला पलंग ही नकलेची नक्कल. त्याच्या हिशेबात ही विधवा आणखी खाली घसरते. गिब्सनचं मूळ रेखाटन, त्यावरून साप्ताहिकातली छपाई आणि त्यानंतर प्लेट. अशा छपाईत तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्याचा ठसा पातळ कागदावर घ्यायचे, तो कागद भाजलेल्या पण झिलई न दिलेल्या प्लेटवर घासून चिकटवायचे आणि मग पाण्याने कागद सोडवायचे. रंग मातीत उरायचा. त्यावर झिलई देऊन प्लेट पुन्हा भट्टीत जायची.

गंमत अशी, की या उतरंडीत सगळ्यात खालची नक्कलच सगळ्यात टिकाऊ निघाली. साप्ताहिकाचा कागद पिवळा पडतो, कडा तुटतात. झिलईखालची रेघ सव्वाशे वर्षांनंतरही काळीभोर आहे. जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिनने १९३०च्या दशकात लिहिलं, की यंत्राने काढलेल्या प्रतीत मूळ कलाकृतीचं तेजोवलय उरत नाही. मात्र प्रत्येक प्रतीला वय चढतं. एकीच्या झिलईवर बारीक जाळी पसरते, दुसरीवर सुरीचे चरे उमटतात, तिसरीची कड भिंतीवरच्या तारेच्या आकड्याने टवका उडून गेलेली असते. कारखान्यातून जुळ्या बहिणींसारख्या निघालेल्या प्लेट्स शंभर वर्षांत एकमेकींपासून ओळखू येऊ लागतात.

म्हणून संग्राहकाच्या डोळ्यांना दिसणारं सौंदर्य खोटं नाही. प्रश्न पुढचा आहे. कांटने १७९०मध्ये म्हटलं, की सौंदर्याचा निखळ आनंद निरपेक्ष असतो. वस्तू आपल्या मालकीची आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. संग्राहकाला नेमकं तेच कर्तव्य असतं. त्यातून चित्र बाईचं. शार्लट पर्किन्स गिलमन यांच्यासारख्या स्त्रीवादी विचारवंत बाईंनाही १८९८ साली गिब्सनच्या मुलींत बदलत्या, धीट स्त्रीची चाहूल लागली होती. पण त्याच मुलींचे चेहरे ब्रह्मचाऱ्यांच्या खोल्यांसाठी भिंतीच्या कागदावर छापून विकले गेले. चित्रात कुणाच्याही हाती न लागणारी बाई बाजारात सहज हाती लागत होती.

इथे कांटपेक्षा जैन आचार्य उमास्वाती जास्त उपयोगी पडतात. ‘तत्त्वार्थसूत्रा’त त्यांनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही, वस्तूत मन गुंतून पडणं, भान हरपणं, याला त्यांनी परिग्रह म्हटलं. पुढच्या टीकाकारांनी हे आणखी ताणून धरलं: हातात काही नसलं तरी ‘माझं’ म्हणण्याची ओढ असेल, तर तो परिग्रहच. तेवीस प्लेट्स जमवलेल्या माणसाला हे सूत्र अचूक लागू पडतं. भिंतीवर तेवीस चित्रं असतात आणि नजर रिकाम्या खिळ्यावर. गोष्ट अपुरी राहिली म्हणून जीव तळमळतो, अशी सबबही चालत नाही. ही चित्रं तेव्हाच पुस्तकरूपात निघाली होती आणि त्यांचे स्वामित्वहक्क केव्हाच संपले आहेत. गोष्ट हवी असेल तर ती सगळ्यांसाठी खुली आहे. हवी असते ती प्लेट.

तरीही संग्राहकाला सरसकट लोभी ठरवणं अन्यायाचं होईल. या प्लेट्स जेवणाच्या टेबलावरच राहिल्या असत्या, तर बहुतेक धुता-पुसता फुटल्या असत्या. कुणीतरी हट्टाने त्या कागदात गुंडाळून ठेवल्या, म्हणून एका साप्ताहिकाचा विनोद आज बघायला मिळतो. सांभाळणं आणि कवटाळणं बाहेरून सारखंच दिसतं. फरक कळतो तो प्लेट हातातून जायची वेळ आल्यावर: कुणी ती संग्रहालयाला किंवा नव्या संग्राहकाला आनंदाने देतो, कुणी खोक्यात बंद करून ठेवतो आणि स्वतःही बघत नाही. पहिल्याच्या घरी चोवीसच्या चोवीस असल्या तरी उमास्वातींची त्याच्याविरुद्ध फारशी तक्रार नसावी. दुसऱ्याची एकुलती एक प्लेटही त्यांना खटकेल.

तेव्हा ज्यांच्या भिंतीवर हा संच अर्धामुर्धा लागला असेल, त्यांनी उरलेल्या प्लेट्सचा शोध जरूर चालू ठेवावा. त्याआधी असलेल्या प्लेट्स एकदा गोष्टीच्या क्रमाने लावून, खालच्या ओळींसकट वाचून काढाव्यात. गिब्सन यांनी ती चित्रं वाचण्यासाठीच काढली होती.