पेनाची दोरी

जुने गाजलेले सिनेमे नव्यानं काढावेत की नाही, हे रिझर्व्ह बँकेनं मला अद्याप विचारलेलं नाही. पण कसबा बावड्यात राहणाऱ्याला सिनेमावर मत असावंच लागतं. तांबड्या रश्श्यावर आणि पिक्चरवर ज्याला मत नाही, तो कोल्हापुरात पाव्हणा समजला जातो.

निमित्त झालं आमच्या चिरंजीवांचं. रविवारी ते 'पॅपिलॉन' बघत होते. तुरुंगातून पळून जाणाऱ्या कैद्याची गोष्ट. मी म्हटलं, "हा १९७३चा ना?" तर म्हणाला, "बाबा, हा नवा. २०१७चा." म्हणजे तोच तुरुंग, तोच कैदी, पुन्हा पळाला! चव्वेचाळीस वर्षांत बंदोबस्तात काही सुधारणा नाही.

"उद्या 'दो आंखें बारह हाथ'सुद्धा कुणीतरी नव्यानं काढेल," सौ. म्हणाली आणि माझा घास घशातच राहिला.

कारण तो आमच्या शांतारामबापूंचा सिनेमा. साल १९५७, कथा गदिमांची, आणि मूळ प्रयोग जुन्या औंध संस्थानातला, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीचा. सहा खुनी कैदी, एक जेलर, आणि बेडी नाही. एका रात्री तेही पळतात, नाही असं नाही. पण आपल्या पायांनी परत येतात. कैदी पळून जाण्याचे सिनेमे जगात पोत्यानं आहेत. परत येण्याचा मला तरी हाच ठाऊक. बैलाशी झुंजताना बापूंनी स्वतःच्या डोळ्याला इजा करून घेतली ती याच सिनेमात. त्याला कुणी हात लावू नये, असा निकाल मी ताटावरच दिला.

पण कोल्हापूरच आडवं आलं. बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' १९२५ साली मुका काढला; त्यात तरुण शेतकरी झाले होते हेच शांताराम. १९३६ साली बाबूरावांनी तोच पुन्हा काढला, बोलका. शेतकऱ्याचं कर्ज फिटलं नव्हतं, मग सिनेमा तरी कसा फिटावा? (बँकेत नोकरी करून हे वाक्य लिहिताना जरा अवघडायला होतं.) म्हणजे प्रश्न थकबाकीत असेल तर नूतनीकरण करायला हरकत नसावी. मग विश्वासाचं खातं? मी म्हटलं, ते केव्हाच बंद झालं. सीसीटीव्हीच्या जमान्यात तो जेलर कुणाला पटणार?

त्याच आठवड्यात काउंटरवर एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, पांढरी टोपी. खातं बरीच वर्षं पडून होतं. "मधी कळंब्यात हुतो," ते म्हणाले. कळंबा हे गावही आहे; पण अशा आवाजात सांगितलं की कोल्हापुरात तो जेलच. दोरीला बांधलेलं पेन नेहमीप्रमाणे वाळलेलं. म्हणून मी खिशातलं दिलं, चिरंजीवांनी वाढदिवसाला दिलेलं. ते सही करत होते. सही जुळते का हे बघण्याचा मला पगार मिळतो. पण माझे डोळे सहीवर नव्हते, पेनावर होते.

त्यांनी ते ओळखलं. सही होताच टोपण लावून पेन माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "मोजून घ्या, सायेब."

रागानं नाही हो. सवयीनं म्हणाले.

त्या रात्री मी सौ.ला सांगितलं, काढू देत सिनेमा. सहा कैदी कुठंही मिळतील. फक्त जेलरच्या कामाला मला बोलावू नका.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरच्या पेनाला नवी रिफिल घातली आणि दोरी कात्रीनं कापली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "हे काय नवीन?" म्हटलं, "खुली वसाहत." संध्याकाळी पेन गायब. साहेब माझ्याकडे बघून नुसते हसले.

तिसऱ्या दिवशी काउंटरवर दोन पेनं होती. त्यातलं एकही आमच्या बँकेचं नव्हतं.