परवाना असलेले दुष्कर्म आणि आपला हात



शुक्रवारच्या नमाजनंतर एका तरुणाने विचारलेला प्रश्न अजून मनातून जात नाही. त्याच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी देशी दारूचे दुकान आहे. दुकानाला सरकारी परवाना असून तो काचेच्या चौकटीत भिंतीवर लावलेला आहे. या तरुणाचे वडील त्याच दुकानाच्या पायरीशी पडलेले सापडत आणि दारूनेच ते गेले. सरकारने परवानगी दिली म्हणून हराम वस्तू हलाल होते काय, असे त्याने विचारले. होत नसेल, तर आम्ही पाचदहा जणांनी एका रात्री ते दुकान फोडले तर त्यात पाप कोणते? दुष्कर्म दिसले तर ते हाताने बदलावे, ही प्रेषितांचीच (स.) आज्ञा आहे ना?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. हलाल आणि हराम ठरविण्याचा अधिकार अल्लाहचा आहे. परवाना देणारा कारकून किंवा मंत्री त्यात काडीचाही फरक करू शकत नाही. त्या तरुणाचा राग मला ईमानचेच लक्षण वाटले. ज्याला राग येत नाही त्याच्याविषयी मला अधिक चिंता वाटते.

दुसरा प्रश्न मात्र घाईने सोडवू नये. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी कथन केलेली आणि 'सहीह मुस्लिम'मध्ये आलेली ती हदीस आपल्या परिचयाची आहे. दुष्कर्म हाताने बदलावे, ते शक्य नसेल तर वाणीने, तेही शक्य नसेल तर मनाने त्याचा धिक्कार करावा, आणि ही ईमानची सर्वांत दुर्बल अवस्था होय, असा तिचा आशय आहे. यातील 'शक्य' या शब्दाचा अर्थ आपले तरुण मनगटातील बळ असा घेतात. उलेमांनी त्यात अधिकार आणि परिणाम या दोन्ही गोष्टी मोजल्या. बापाचा हात त्याच्या घरात चालतो, न्यायाधीशाचा न्यायासनावर. इमाम गजाली यांनी 'इह्या'मध्ये या कार्याच्या पायऱ्या सांगताना समजावण्यापासून सुरुवात केली आणि साथीदार जमवून बळ वापरणे सर्वांत शेवटी ठेवले. इब्ने तैमिया यांनी तर स्पष्टच म्हटले आहे की, एक दुष्कर्म हटविताना त्याहून मोठे दुष्कर्म उभे राहणार असेल तर ते हटविणे योग्य नव्हे. त्यांच्याविषयी एक प्रसंग त्यांचे शिष्य इब्ने कय्यिम यांनी नोंदविला आहे. तातार सैनिक दारू पीत बसले होते आणि एक सोबती त्यांना अडवायला निघाला. इब्ने तैमिया यांनी त्यालाच थांबविले, कारण ते शुद्धीवर आले असते तर लोकांची कत्तल आणि लूट करायला निघाले असते.

आता हिजरी सन 7 आठवा. हुदैबियाच्या करारानुसार प्रेषित (स.) सुमारे 2,000 सोबत्यांसह उमऱ्यासाठी मक्केत आले. मक्केचे कुरैश शहर सोडून आसपासच्या टेकड्यांवर गेले होते. काबागृहात आणि त्याच्या सभोवती मूर्ती उभ्याच होत्या. शिर्कहून मोठे दुष्कर्म ते कोणते? हातही होते, बळही होते, अडवायला समोर कोणी नव्हते. तरीही प्रेषितांनी (स.) त्या मूर्तींमध्येच तवाफ केला, एकीलाही हात लावला नाही, आणि तीन दिवस संपताच शब्द दिल्याप्रमाणे शहर सोडले. त्या मूर्ती हटल्या त्या पुढच्या वर्षी, जेव्हा मक्केचा कारभार त्यांच्या हाती आला. त्या तीन दिवसांत सहाबांच्या मनात काय चालले असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. ज्यांना याच शहरात तापलेल्या वाळूवर लोळविले गेले, त्यांनीही त्या दिवशी आपले हात आवरले.

हजरत इब्राहीम (अ.) यांनी मूर्ती फोडल्या नाहीत काय, असे कोणी विचारील. फोडल्या. पण ते प्रेषित होते, त्यांनी कोणा माणसाला इजा केली नाही, आणि ते अंधारात पळूनही गेले नाहीत. लोकांसमोर उभे राहिले, उत्तर दिले आणि आगीत टाकले जाणे पत्करले. रात्री दुकान फोडून सकाळी तोंड लपविणाऱ्याने त्यांचे नाव घेऊ नये. हजरत मूसा (अ.) यांची गोष्टही कुरआनातच आहे. भांडणात आपल्या माणसाच्या हाकेला धावून त्यांनी एक ठोसा मारला आणि समोरचा माणूस मेला. हेतू मदतीचा होता. तरीही त्यांनी ते सैतानाचे काम म्हटले आणि अल्लाहकडे क्षमा मागितली.

मग हात बांधून बसायचे काय? येथे मला जैद बिन अम्र बिन नुफैल यांची आठवण होते. प्रेषितत्वाच्या घोषणेपूर्वीच ते वारले. त्यांचे पुत्र हजरत सईद (रजि.) हे जन्नतची शुभवार्ता मिळालेल्या दहा सहाबांपैकी एक. अरबस्तानात काही बाप आपल्या मुली जिवंत पुरत आणि रूढी त्यांना अडवीत नसे. जैद एकटे होते, त्यांचे आप्तच त्यांचा छळ करीत. ते त्या बापाकडे जात आणि सांगत की हिला मारू नकोस, हिचा खर्च मी उचलतो. मुलीला घरी नेत, वाढवीत. ती मोठी झाल्यावर पुन्हा बापाला विचारीत, हवी असेल तर घेऊन जा, नको असेल तर पुढेही मीच पाहीन. 'सहीह बुखारी'त हे आले आहे. हाही हातच होता, वाचकहो. त्या हाताने वर्षानुवर्षे पीठ आणले, कपडा आणला. हजरत अबू बकर (रजि.) यांनीही हजरत बिलाल (रजि.) यांना मालकाशी मारामारी करून सोडविले नाही, किंमत मोजून सोडविले.

एक अपवाद सांगायला हवा. डोळ्यांदेखत कोणी पत्नीला किंवा लेकराला मारीत असेल तर तेथे धावून जाऊन त्याचा हात धरणे हे कर्तव्य आहे. तेथे परवान्याचा प्रश्नच नाही, कायदाही ती मुभा देतो. ते संकट टळले की आपला हातही मागे यावा.

आता दुकानाकडे येऊ. महाराष्ट्रात दारूचे दुकान मतदानाने बंद करता येते. प्रभागातील किंवा गावातील 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी अर्ज केला तर गुप्त मतदान होते, आणि एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला पडली तर दुकानाला कुलूप लागते. अट कठीण आहे, कारण जी मतदानाला आली नाही तिचे मत दुकानाच्याच बाजूने पडल्यासारखे होते. म्हणून प्रत्येक घरी जावे लागते, आपल्याही आणि हिंदू, बौद्ध शेजाऱ्यांच्याही. नवऱ्याच्या दारूने पिचलेली बाई कोणत्याही धर्माची असो, या कामाला ती नाही म्हणत नाही. तेच दुकान आपल्या पोरांनी रात्री फोडले असते तर सकाळी तिच्याच घरात आपल्याविषयी भीती शिरली असती, आणि दारूचा प्रश्न बाजूला राहून दंगलीचा खटला उभा राहिला असता.

हे सर्व मी त्या तरुणाला सांगितले. तुझ्या प्रभागात महिला मतदार किती, असे विचारले तेव्हा त्याला सांगता आले नाही. दुकानाच्या पायरीवर आज पडणाऱ्या माणसांच्या घरी या महिन्याचे धान्य आहे काय, हेही त्याला ठाऊक नव्हते. मतदारयादी मिळविण्यासाठी तो आता कचेरीत खेटे घालतो आहे. दुकान अजून चालूच आहे.