एक शब्द, अनेक अर्थ : निवड कोणी करावी?

दुसऱ्याचा निरोप पोहोचवणे हे जोखमीचे काम आहे. निरोप्याने त्यात पदरचे काही घालू नये आणि त्यातले काही गाळूही नये, अशी आपली साधी अपेक्षा असते. भाषांतरकार हाही एक निरोप्याच. परंतु मूळ भाषेतील एका शब्दाला तीन अर्थ असतील आणि ज्या भाषेत तो न्यायचा तिथे त्या तीन अर्थांना तीन निराळे शब्द असतील, तर त्याने काय करावे? एक शब्द उचलला, की दोन अर्थ मागे राहतात. बोलणाऱ्याने जे मोघम ठेवले ते निरोप्याला निश्चित करावे लागते. हा अधिकार त्याला कोणी दिला? हा प्रश्न वरकरणी व्याकरणाचा दिसतो. खोलात गेल्यास तो सदसद्विवेकाचा आहे, असे आपल्या ध्यानात येईल.

उदाहरणादाखल उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड या बेटाकडे वळू. तेथील लोकसंख्या चार लाखांच्याही आत आहे. परंतु भाषेविषयीची आस्था मोठी. तेराव्या शतकातील आपल्या गाथा आजचा तेथील वाचक थोड्या साहाय्याने वाचू शकतो, इतकी ती भाषा कमी बदलली आहे. ओद्दुर गोत्तस्काउल्क्सोन याने केलेले नव्या कराराचे भाषांतर १५४० साली छापले गेले. आइसलँडिक भाषेतील उपलब्ध असलेले ते पहिले छापील पुस्तक. ऊब मिळावी म्हणून गोठ्यात बसून त्याने ते काम केले, असे परंपरा सांगते. परके शब्द जसेच्या तसे घेण्यापेक्षा आपल्या मुळांतून नवे घडवावेत, अशी तेथील रीत आहे. संगणकाला त्यांनी 'तोल्वा' म्हटले. 'ताला' म्हणजे संख्या आणि 'वोल्वा' म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री, या दोहोंच्या मेळातून तो शब्द जन्मला. २०११ साली तर आपल्या भाषेचे स्थान त्यांनी कायद्यानेच निश्चित केले.

अशा भाषेत इंग्रजी मजकूर आणताना अडचण येते ती दुर्मीळ शब्दांची नव्हे, रोजच्या शब्दांची. इंग्रजीतील 'स्क्रीन' घ्या. संगणकाचा असेल तर आइसलँडिकमध्ये 'स्क्याउर'. हा मुळात जुन्या मातीच्या घरांतील खिडकीला लावलेल्या पातळ पापुद्र्याचा शब्द. चित्रपटगृहातील असेल तर 'त्याल्द', म्हणजे कापडी पडदा वा तंबू. येथे चूक झाली तर वाचक हसेल. कोणाचे नुकसान होणार नाही. परंतु सगळेच शब्द इतके निरुपद्रवी नसतात.

'फ्री' हा शब्द पाहा. मनुष्य स्वतंत्र असेल तर 'फ्र्याउल्स', वस्तू विनामूल्य असेल तर 'ओकेपिस', जागा रिकामी असेल तर 'लोइस'. आइसलँडमधील मासळीच्या कारखान्यांत परदेशांतून आलेले अनेक कामगार आहेत. अशी कल्पना करू, की त्यांपैकी एकाची भाड्यावरून मालकाशी तक्रार आहे. त्याने मोडक्या इंग्रजीत लिहून दिले आहे : खोली 'फ्री' आहे असे मालकाने मला सांगितले. हे निवेदन आइसलँडिकमध्ये आणावयाचे आहे. भाषांतरकाराने 'ओकेपिस' लिहिले, तर खोली फुकट ठरते आणि कामगाराची बाजू बळकट होते. 'लोइस' लिहिले, तर खोली नुसतीच मोकळी ठरते आणि तक्रारीत काही उरत नाही. मराठीतही 'मोकळी' आणि 'फुकट' यांत हेच अंतर आहे. न्यायनिवाडा करणाऱ्याच्या हाती कागद जाण्यापूर्वीच एका शब्दाने निवाडा होऊन जातो; आणि तो करणाऱ्याची सही त्या निवाड्याखाली कोठेच नसते.

येथे कोणी म्हणेल, की कामगार गरीब आहे, मग त्याच्या बाजूचा शब्द घालण्यात पाप कसले? हा मोह समजण्यासारखा आहे; तरीही तो मोहच. दुसऱ्याच्या तोंडी त्याने न म्हटलेला शब्द घालून केलेली दया सत्याच्या पायावर उभी राहत नाही; आणि पुढे ती उघडकीस आली तर त्याच गरिबाच्या खऱ्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. उलट, 'मी तटस्थ आहे' असे म्हणून जो अर्थ प्रथम सुचला तो लिहून टाकणे, हीही तटस्थता नव्हे; तो केवळ आळस आहे. अशा वेळी खरा मार्ग एकच : थांबणे, मागे जाणे आणि विचारणे, 'बाबा, तुला यांतले नेमके काय म्हणायचे आहे?' आणि विचारणे शक्यच नसेल, तर शब्द दोन अर्थांचा आहे हे उघडपणे नोंदवणे.

'नो' या क्रियापदाची गोष्ट आणखी अंतर्मुख करणारी आहे. आइसलँडिकमध्ये एखादी माहिती असणे म्हणजे 'विता', व्यक्तीचा वा गोष्टीचा परिचय असणे म्हणजे 'थेक्या', आणि एखादी गोष्ट शिकून येत असणे म्हणजे 'कुन्ना'. आपल्यालाही हा भेद परका नाही. बातमी माहीत असते, माणसाला आपण ओळखतो, पोहणे आपल्याला येते. आता एखादा पुढारी इंग्रजीत म्हणाला, की आम्ही तुमचे दारिद्र्य 'जाणतो', तर त्याचे भाषांतर 'विता' करावे की 'थेक्या'? त्याने दारिद्र्याचे आकडे वाचले आहेत, की उपाशी पोटाने रात्र काढली आहे? इंग्रजी शब्द त्याला दोहोंच्या मध्ये उभे राहू देतो. आइसलँडिक त्याला एका बाजूला यायला लावते.

याचा अर्थ इंग्रजी लबाड आणि इतर भाषा प्रामाणिक, असा मात्र नव्हे. 'थिंक' या शब्दापाशी आपलेही पितळ उघडे पडते. आइसलँडिकमध्ये विचार करणे म्हणजे 'हुग्सा'. वस्तुस्थितीविषयी अंदाज सांगायचा तर 'हाल्दा'. आणि स्वतःचे मत वा अनुभव सांगायचा तर 'म्येर फिन्स्त'. या शेवटच्या प्रयोगाची घडण आपल्या 'मला वाटते'सारखीच आहे, त्यातही 'मला' येते. परंतु आपण अंदाजालाही 'मला वाटते' म्हणतो आणि मतालाही. 'त्यानेच पैसे घेतले, असे मला वाटते', हे वाक्य गावात किती सहज फिरते! तो पाहिलेल्या गोष्टींवरून बांधलेला अंदाज आहे, की त्या माणसाविषयीची आपली नावड, हे सांगणाऱ्याला कोणी विचारत नाही. आणि एखाद्याचे नाव मात्र कायमचे खराब होते.

पवित्र ग्रंथाच्या वाचकालाही हा अनुभव येतो. लूकलिखित शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात प्रभू येशू पेत्राशी बोलतो. सैतान शिष्यांना चाळून पाहणार हे सांगताना मूळ ग्रीकमधील सर्वनाम अनेकवचनी आहे. 'मी प्रार्थना केली' हे सांगताना ते एकवचनी होते. संकट सर्वांवर, प्रार्थना या एकासाठी, आणि त्या एकाने पुढे भावांना स्थिर करावयाचे. आजच्या इंग्रजीतील 'यू' हा भेद झाकून टाकते. आइसलँडिकमध्ये आणि मराठीतही तो दाखवता येतो. परंतु केवळ इंग्रजीवर विसंबलेल्या भाषांतरकाराला तो कळणार कसा? त्याला मुळाकडेच जावे लागेल.

शब्दाची अनेकार्थता हे त्याचे वैभव आहे, असे कवी म्हणतील, आणि ते खरेच आहे. जेथे लिहिणाऱ्याने जाणूनबुजून दोन अर्थ एकत्र नांदवले, तेथे त्यांतला एक मुकाट्याने काढून टाकणे हा अन्याय होईल. परंतु कवितेतील अनेकार्थता वाचकाला काही देते. करारातील आणि आश्वासनातील मोघमपणा बहुधा दुबळ्याकडून काही काढून घेतो. या दोहोंतील फरक ओळखणे हे शब्दकोशाचे काम नव्हे.

सदसद्विवेकाला आइसलँडिकमध्ये 'साम्विस्का' म्हणतात. 'साम्' म्हणजे सह आणि 'विस्का' म्हणजे शहाणपण. एकट्याचे नव्हे, सोबतीने जाणणे, असा भाव त्या घडणीत आहे. निवड भाषांतरकारालाच करावी लागते, हे खरे; पण ती त्याने एकट्याने करू नये. बोलणाऱ्याचा हेतू आणि ज्याच्यावर त्या शब्दाचा परिणाम होणार त्याचे हित, दोन्ही समोर ठेवून ती करावी.

आपण बहुतेकजण भाषांतरकार नाही. तरी घरातल्या एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगण्याचा प्रसंग रोज येतो. सासूचा शब्द सुनेला, भावाचा शब्द भावाला आपण पोहोचवतो, आणि दोन अर्थांपैकी एक निवडूनच पोहोचवतो. तेवढ्यापुरते थांबून 'तुला नेमके काय म्हणायचे होते?' असे आपण विचारले, तर किती घरांतला अबोला टळेल!