यादीतले नाव

शास्त्रभाग : एज्रा २:५९-६३, इफिस १:१३-१४, लूक १०:२०

जबलपूर शहराचे आणि रेल्वेचे नाते जुने आहे. मुंबईकडून आलेला जीआयपी रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग मार्च १८७० मध्ये येथेच एकमेकांना मिळाले आणि मुंबईहून कलकत्त्यापर्यंत रेल्वेने जाणे शक्य झाले. २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथे आहे. अशा गावात तिकीट हरवले, तर सल्ला देणारे गल्लोगल्ली भेटतात.

येथील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातील वृद्ध पतिपत्नींची गोष्ट सांगतो. दोघेही सेवानिवृत्त शिक्षक. आजोबांचा बाप्तिस्मा जेथे झाला ते नगरचे उपासनामंदिर एकदा डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा. कधी आजारपण, कधी लग्नकार्य, असे करीत ते राहून गेले होते. अखेर मुलाने दीड महिना आधी मनमाडपर्यंतची तिकिटे खिडकीवर रांग लावून काढली. निघण्याच्या आदल्या दिवशी ती सापडेनात. कपाटे झाली, उशांचे अभ्रे झाले, पवित्र शास्त्राचे पान न् पान उलटून झाले. शेवटी बाई मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "देवाच्याच मनात नसेल."

शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांनी एवढेच विचारले, "तिकीट कन्फर्म होते ना? मग रडता कशाला?" नियम असा की, निश्चित झालेले आरक्षण असेल आणि चार्ट तयार होण्यापूर्वी कळवले, तर शयनयान वर्गासाठी ५० रुपये शुल्क घेऊन दुसरी प्रत मिळते. चार्ट झाल्यावर गेलात, तर भाड्याच्या निम्मी रक्कम भरावी लागते. प्रतीक्षायादीतल्या तिकिटाची मात्र दुसरी प्रत मिळतच नाही. ती दोघे ओळखपत्र घेऊन गेली, अर्ज भरला, प्रत मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसलीही.

मला त्या बाईंच्या उद्गारासाठी थांबावेसे वाटते. कागद सापडला नाही, एवढ्यावरून त्यांनी देवाचे मन ताडले. आपल्यापैकी किती जण असेच करतात! प्रार्थनेत पूर्वीसारखे मन लागत नाही, डोळ्यांना पाणी येत नाही, तारणाची जी खात्री एके काळी छातीशी घट्ट होती ती चाचपून पाहिली तर हाती लागत नाही. मग आपण ठरवून टाकतो की, आपली जागाच गेली.

बन्यनच्या १६७८ च्या प्रसिद्ध ग्रंथातला यात्रेकरू असाच कासावीस होतो. हा ग्रंथ हरि केशवजींनी 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणला, तो १८४१ मध्ये. यात्रेकरू टेकडीवरच्या लतामंडपात झोपी जातो आणि त्याची गुंडाळी हातातून निसटते. पुढे गेल्यावर ते ध्यानी येते, तेव्हा तो रडत मागे फिरतो आणि ती त्याच जागी सापडते. त्याच ग्रंथाच्या शेवटी दुसरा एक जण नगराच्या दारापर्यंत पोहोचतो आणि प्रमाणपत्र मागितल्यावर नुसता खिसे चाचपत राहतो. त्याचे काही हरवलेले नसते. त्याला ते कधी मिळालेलेच नसते. प्रतीक्षायादीचा नियम कठोर वाटतो खरा, पण तो हाच भेद पाळतो.

आता पौलाचा एक शब्द पाहा. पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा 'विसार' आहे, असे तो इफिसकरांस लिहितो. मूळ ग्रीक शब्द 'अर्राबोन'. तो ग्रीकांचा स्वतःचा नव्हे. सेमिटिक भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर तो त्यांच्या बाजारात आला. उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात यहूदा तामारेजवळ आपली मुद्रा, गोफ आणि काठी ठेवतो, तेथे हाच शब्द इब्री रूपात आहे. आमच्याकडे बैलाचा किंवा जमिनीचा सौदा ठरला की इसार देतात, तोच हा व्यवहार. आणि इसाराने प्रथम बांधला जातो तो देणारा. त्याने माघार घेतली, तर दिलेले बुडते. तिकीट ही मी भरलेल्या पैशांची पावती आहे. विसार ही देवाने स्वतःहून भरलेली रक्कम आहे. तुमची मूठ सैल झाली म्हणून देणाऱ्याचा शब्द सैल होत नाही.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्या मंडळ्यांतली ती वयोवृद्ध माणसे आहेत, ज्यांची स्मृती गेली आहे. प्रभूची प्रार्थना निम्म्यावर तुटते, मुलाचे नाव आठवत नाही, पुढे तर येशूचे नावही ओठांवर येत नाही. घरची माणसे आम्हा पाळकवर्गाला दबक्या आवाजात विचारतात, "आता यांचे कसे?" सत्तर शिष्य आनंदाने परत आले, तेव्हा प्रभूने त्यांचे लक्ष त्यांच्या पराक्रमावरून काढून स्वर्गात लिहिलेल्या नावांकडे वळवले. तेथील ग्रीक क्रियापद, जुन्या प्रतींत, पूर्वी घडलेली आणि अजून टिकून असलेली क्रिया दाखवते. लिहिली गेली आहेत, आणि लिहिलेलीच आहेत. ज्याने लिहिली त्याची स्मृती शाबूत आहे.

आणि मंडळीने काय करावे? बाबेलातून परतणाऱ्यांत काही घराणी अशी होती की, त्यांना आपली वंशावळ दाखवता येईना. एज्रा त्यांची संख्या ६५२ देतो, नहेम्या ६४२. (अनुवादकाने हा फरक गुपचूप मिटवू नये, असे माझे मत आहे.) याजकांपैकी हबया, हक्कोस व बर्जिल्लय यांच्या वंशजांनी नोंदवही शोधली, पण नाव मिळाले नाही. प्रांताधिपतीने त्यांना परमपवित्र पदार्थ खाण्यास मनाई केली, पण उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंतच. मला हा अधिकारी निष्ठुर वाटत नाही. त्याने नियम सोडला नाही, आणि जे आपल्याला ठाऊक नाही त्याचा निकालही दिला नाही. त्याने कोणालाही बाबेलास परत धाडले नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिलेला तो प्रवास कागदावाचूनही त्या घराण्यांनी पुरा केला.

पुढे काय झाले, हे शास्त्र सरळ सांगत नाही. पण नावे लक्षपूर्वक वाचणाऱ्याला एक खूण सापडते. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांत मरेमोथ आहे, उरीयाचा मुलगा, हक्कोसाचा नातू. एज्राच्या आठव्या अध्यायात देवाच्या मंदिरासाठी आणलेले सोने, रुपे आणि पात्रे तोलून ज्याच्या हवाली केली, तो याजक उरीयाचा मुलगा मरेमोथ, बहुधा हाच.