धर्मराजाचा कुत्रा आणि आमचा

कुत्रा घेऊन डोंगर चढणारा पहिला मनुष्य धर्मराज. दुसरा आमचा भाचा. मधल्या काळात आणखी कोणी चढले असतील, पण त्यांच्याबरोबर जायची पाळी माझ्यावर आली नव्हती.

भाचा पुण्याहून बीडला आला तो चाकांवरचं घर घेऊनच. त्याला म्हणे 'कॅम्पर व्हॅन' म्हणतात. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, एवढंच काय, संडाससुद्धा! "मामा, बालाघाट बघू या," म्हणाला. उभा जन्म मी बालाघाटाच्या अंगाखांद्यावर काढला, पण तो 'बघायचा' असतो हे मला ठाऊक नव्हतं. आधी कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन, मग पाटोद्यावरून सौताड्याचा धबधबा, असा बेत ठरला. पुढच्या सीटवर ब्रूनो बसला, कारण मागे बसलं की त्याला मळमळतं. मला कुठे मळमळतं याची चौकशी कोणी केली नाही.

मांजरसुंब्याचा घाट लागला तसा भाच्याला धर्म आठवला. "मामा, युधिष्ठिरानं कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला. तुम्ही नाकारला असता?"

मी पोटावर हात ठेवून म्हटलं, "या क्षणी तर आनंदानं."

आमच्या सौभाग्यवतीला मात्र हे उदाहरण मुळीच पसंत नव्हतं. "द्रौपदी वाटेत पडली, तेव्हा मागे वळून पाहिलं का त्यानं? आणि कुत्र्यासाठी इंद्राचा रथ अडवून धरला!"

धर्मराजानं नंतर इंद्रापाशी बायको-भावांची चौकशी केली होती, हे मी निदर्शनास आणलं. "नंतर!" ती म्हणाली. या एका शब्दापुढे व्यासांचंही काही चाललं नसतं, मग माझी काय कथा!

घाट चढून चहाला थांबलो. दिवाळी नुकतीच सरली होती. टपरीपुढे ट्रॅक्टर उभा, टायर पंक्चर. ट्रॉलीत कोपीचे बांबू, भांडी, कोंबड्या, सरपण, पोरं आणि सगळ्यांच्या वर एक काळं कुत्रं. ऊसतोडीला निघालेली मंडळी. नवरा-बायको मिळून एक कोयता. राबणारी माणसं दोन, मुकादमाच्या वहीत नग एक. उचल आधीच घेतलेली, आता चार-सहा महिने कारखान्याच्या पट्ट्यात. म्हणजे चाकांवर घर घालून निघालेले आम्ही एकटेच नव्हतो. फरक एवढाच, की आम्ही हौसेनं निघालो होतो.

ब्रूनो आणि काळ्या यांनी एकमेकांना रीतसर हुंगलं. तेवढ्यावरून मी एका बाईला विचारलं, "यालाही नेता का?"

"न्यायचं नव्हतं, काका. ट्रॉलीत जागाच न्हाई. पर मागं पळत आलं गावाबाहेरपस्तोर. मग घेतलं."

"पोरं?"

"धाकटी दोघं हायेत संगं. थोरलीला सासूपाशी ठिवलं. साळा हाय तिची." थोडं थांबून ती म्हणाली, "ती न्हाई आली पळत. दारातच हुबी ऱ्हायली."

चहा आला. साखर भरपूर होती. ती कुठून येते याचा विचार मी इतकी वर्षं चहा पिऊनही कधी केला नव्हता. पळत येणाऱ्याला वर घेणं सोपं असतं; धर्माची परीक्षा दारात उभं राहणाऱ्यापाशी असावी. आणि ती परीक्षा त्या बाईची नव्हती. तिच्यापुढे स्वर्ग नव्हता, उचल होती. परीक्षा होती ती चहा पिणाऱ्याची.

मी एवढं तत्त्वज्ञान करीपर्यंत सौभाग्यवती उठली होती. "बाई, आमच्या गाडीत संडास आहे. दाराला कडी आहे. जाऊन या."

बाईनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "चालत्या गाडीत?" मग पदर सावरून गेली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. चांगली रांगच लागली. पाण्याची टाकी तळाला गेली, दुसरी टाकी काठोकाठ भरली. भाचा घड्याळाकडे बघत होता, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. मुलगा गुणी आहे.

तासाभरानं पंक्चर निघालं. ट्रॅक्टर गेला. मोकळी होऊ शकणारी टाकी बीडमध्ये कुठे मोकळी होते हे शोधण्यात आमचा उरलेला दिवस गेला. सौताड्याचा धबधबा राहिलाच.

परतताना ब्रूनो आपण होऊन मागे येऊन माझ्या पायांशी झोपला. पुढची सीट रिकामी होती. ती मी सौभाग्यवतीला देऊ केली. नंतर नव्हे, आधीच.